चुकीच्या डब्यातली कांडी

पिंपळे गुरवात आमचं निवृत्तांचं मंडळ आहे आणि त्याचा दिवाळी अंक निघतो. त्यात मी बरीच वर्षं लिहीत आलोय. विहिरीत पडलेला बैल गावानं कसा वर काढला, पोट फुगलेल्या शेळीनं माझ्या नव्या शर्टाचं काय केलं, असं हसण्यासारखं. लोक वाचून फोन करतात, बरं वाटतं. पण दर वेळी पाकीट संपादकांच्या हातात देताना मला ठाऊक असायचं, की जे लिहायला पाहिजे ते सोडून मी बाकीचं सगळं लिहितोय. एका वर्षी चार पानं झालीही होती. बायकोनं विचारलं, "यंदा कशावर?" मी म्हटलं, "सर्पदंशावर," आणि ती पानं फाडून खरंच सर्पदंशावर लिहिलं.

आता वय चौऱ्याहत्तर आहे. यंदा नाही लिहिलं तर मग राहिलंच. माणसांची नावं तेवढी बदललीत. म्हशीचं नाव खरं आहे.

आधी माझा धंदा सांगतो. मी पशुधन पर्यवेक्षक होतो. गावात मला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे; मी डॉक्टर नव्हतो. पहिली दोन-तीन वर्षं मी लोकांची चूक दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. मूळ गाव धाराशिवकडचं, नोकरीची शेवटची बारा वर्षं चाकणच्या बाजूला. एका बाजूला कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड, मधून ओढा आणि पलीकडे गोठे. सकाळच्या शिफ्टची बस आणि दुधाच्या किटल्या घेतलेली मोटारसायकल एकाच वळणावर एकमेकांना जागा द्यायच्या, असा तो भाग.

माझं मुख्य काम गाई-म्हशी भरवायचं. वळू किंवा रेडा न आणता, नळीनं. ती नळी म्हणजे उदबत्तीच्या काडीएवढी प्लॅस्टिकची कांडी असते. तिच्यात नराचं गोठवलेलं वीर्य. अशा कांड्या नायट्रोजनच्या जारमध्ये ठेवतात, उणे एकशे शहाण्णव अंशाला. जारच्या तोंडातून लांब दांडीचे डबे आत सोडलेले असतात. एका डब्यात म्हशीच्या कांड्या, दुसऱ्यात गाईच्या. जनावर माजावर आल्याचा निरोप आला, की डबा जारच्या गळ्यापर्यंतच वर घ्यायचा, चिमट्यानं एक कांडी काढायची, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून लांब सळईसारख्या बंदुकीत घालायची. मग डावा हात जनावराच्या पोटात कोपराच्या वरपर्यंत आणि उजव्या हातात बंदूक. हाताला आतलं काहीच दिसत नसतं, सगळं बोटांना समजायला लागतं. माझ्या बोटांना समजायचं. तालुक्यात माझा हात चांगला म्हणून नाव होतं आणि मला त्याचा गर्व होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

त्या काळात माण गावाकडचे एक बापूसाहेब माझ्याकडे आले होते. जमीन आयटी पार्काला गेलेली, हातात पैसा, गोठा हौसेचा. दूध संकलन केंद्राच्या ओट्यावर दहा-बारा माणसं बसलेली, त्यांच्या देखत मला म्हणाले, "डॉक्टर, आपल्याला नवं मॉडेल काढायचंय."

"कसलं?"

"गाईचं लिटर आन् म्हशीचं फॅट. म्हशीला होस्टन गाईची कांडी भरा. बघू काय निघतंय."

"काही निघणार नाही, बापूसाहेब."

"का? घोडा-गाढवाचं खेचर निघतं की. म्हस तर गाईची सख्खी बहीण दिसती."

"दिसायला आहे. सख्खी नाही."

ओटा हसला. मग मी मास्तर झालो. समोर एक लेथवाला बसला होता, त्यालाच धरलं. म्हटलं, तुझ्याकडचा दहाचा बोल्ट घे आणि दहाचाच नट घे, पण आटे वेगळ्या पिचचे. काय होईल? तो म्हणाला, "पहिला आटा धरल्यासारखा वाटंल. मग अडकंल. जोर लावला तर दोन्ही खराब." मी म्हटलं, तेच. प्रत्येक जीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. त्यावर तो जीव कसा घडवायचा ते सगळं लिहिलेलं. गाईची साठ, आपल्या म्हशीची पन्नास. पिल्लू निम्मी आईकडून घेतं, निम्मी बापाकडून. तीस आणि पंचवीस समोरासमोर आली की जोडी कोणी कोणाशी लावायची? आणि नुसता आकडा जमून भागत नाही. शेळीचीही साठच आहेत, म्हणून काही गाईला करडू होत नाही. आत लिहिलेलं जुळावं लागतं. बहुतेक वेळा एकाचं बीज दुसऱ्याच्या अंड्यात शिरतच नाही. चुकून शिरलं, तर तो गर्भ दोनाचे चार, चाराचे आठ असा थोडा वाढतो आणि थांबतो. पुढचा हुकूम वाचताच येत नाही त्याला.

"आन् खेचर?" बापूसाहेबांनी सोडलं नाही.

"घोड्याची चौसष्ट, गाढवाची बासष्ट. जवळची नाती, म्हणून खेचर निघतं. पण त्याची त्रेसष्ट. जोडी लागत नाही, म्हणून खेचराला पुढं पिल्लू नाही. देवानं गेट उघडलं, पण आत एकालाच सोडलं."

एक धनगर म्हातारा कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "आमच्या वाड्यात मेंढं शेळीवर चढतं कवा कवा. आजवर लागलेलं न्हाई बघितलं." म्हटलं, बाबा, तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. आणि खरं तर बहुतेक जनावरं तिथपर्यंतही जात नाहीत. गाईंच्या कळपात रेडा उभा असतो तो दुसऱ्या गावच्या गाडीची वाट बघणाऱ्या माणसासारखा. शेजारून दहा गाड्या गेल्या तरी ढिम्म. वास वेगळा, हाक वेगळी. माणसानं नळी आणली म्हणूनच ही चूक करायची सोय झाली.

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी बोललो नाही. ते मला नंतर सुचलं, आणि का सुचलं तेच सांगायचंय.

हा ओटा ज्या गावात, त्याच गावात इंदूबाई राहायच्या. घर जुन्या गावकऱ्यांचं. नवरा बबन एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून पार्ट काढतात तिथं, तपासणीला होता. एकदा मशीनवरचा माणूस आला नाही म्हणून त्याला उभा केला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून तो घरीच. घरात चालायचं ते धाकट्या दिराचं, सोपानचं. त्या आळीत प्रत्येकानं गोठे पाडून कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्या काढल्या होत्या. सोपानच्या डोक्यातही तेच. गोठ्यात एकच म्हैस उरली होती, भिंगरी. कपाळावर पांढरा भोवरा, म्हणून भिंगरी. दोन वेतं झालेली, आता आटलेली. आधीच्या दोन्ही वेळा ती माझ्याच हातानं गाभण राहिली होती, त्यामुळं इंदूबाईंचा माझ्यावर फार विश्वास.

दिवाळी झाली आणि भिंगरी माजावर आली. मी गेलो तेव्हा सोपान गोठ्याच्या दारातच उभा.

"वैनी, ही शेवटची बारी हां. संक्रांतीच्या आत गाभण न्हाई राह्यली, तर मिस्त्री येनार."

"राहील की. डॉक्टरांचा हात हाय."

"डॉक्टरांचा हात हाय, पन म्हशीचं मन पायजे," असं म्हणून तो हसत निघून गेला. इंदूबाई हसल्या नाहीत. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या घरात माझं म्हनून एवढंच हाय बघा. ही गेली की मी नुसती त्या दोघांच्या भाकरी थापनारी."

मी कांडी भरली. एकवीस दिवसांनी म्हैस उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. असं होतं. दुसरी भरली. पुन्हा उलटली. तेही होतं. पण त्या हंगामात माझ्या भरवलेल्या म्हशी एकामागून एक उलटत होत्या. गाईसुद्धा. मी थंडीला दोष दिला, चाऱ्याला दिला. माझ्या मोतीबिंदूवाल्या डोळ्यांकडं मात्र वळलो नाही. तेव्हा दोन्ही डोळ्यांत सुरुवात झाली होती आणि मी ते ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. म्हटलं, नंतर करू.

तिसऱ्या वेळेची सकाळ. ऊन गोठ्यात तिरकं आलेलं. मी छोट्या जारमध्ये दोनच कांड्या घेऊन आलो होतो. त्यातली एक भरली, बंदूक धुतली, रिकामी कांडी खाली पडली. बबन उंबऱ्यावर बसला होता. आयुष्यभर पार्टावरचे नंबर वाचण्यात गेलेला माणूस. छापील काही दिसलं की उचलायचा. डाव्या हातानं त्यानं कांडी उचलली, उन्हात धरली आणि सावकाश वाचलं.

"डॉक्टर, ह्याच्यावर एच एफ लिवलंय. म्हंजी?"

एच एफ म्हणजे होल्स्टिन फ्रीजियन. बापूसाहेबांची होस्टन. विलायती गाय.

मी त्याच्या हातातून कांडी घेतली. डोळ्याजवळ नेली, लांब नेली. अक्षरं तीच. वेगळ्या जातीच्या कांडीचा रंगही वेगळा असतो, तोसुद्धा मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसला. इंदूबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. बबन माझ्या तोंडाकडं बघत होता.

"ते कंपनीचं नाव," मी म्हणालो.

"कांडीच्या?"

"हो. बनवणाऱ्या कंपनीचं."

"असं व्हय," तो म्हणाला. प्रेस शॉपमध्ये एवढी वर्षं काढलेला माणूस. कंपनीचं नाव पार्टावर असतं हे त्याला पटलं.

मी कांडी खिशात घातली. छोट्या जारमधली दुसरी कांडी तिथं काढून बघायची हिंमत झाली नाही, पण तीही तसलीच असणार हे कळलं होतं. निघताना "संध्याकाळी एकदा येऊन जातो" एवढं म्हणालो.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं लक्षात आलं होतं. दिवाळीआधी जुना जार गळायला लागला म्हणून नवा मिळाला होता. जुन्यातले डबे नव्यात टाकायचे, तेही काही सेकंदांत, कारण बाहेरच्या हवेत कांडी मरते. तेव्हा मी डबे उचलले आणि फोन वाजला. साहेबांचा होता. एका हातात फोन, एका हातात दांडी. म्हशीचा डबा एक नंबरच्या खाचेत जायचा तो दोनमध्ये गेला, गाईचा एकमध्ये. पुढचे दोन महिने मी नंबरावर हात घालून कांड्या काढत होतो. न बघता काढायचो. नव्या पोरांना दाखवायचो सुद्धा, "बघा, सवय अशी पाहिजे." काढलेली कांडी वाचायची आणि तिच्यावरचा नंबर रजिस्टरात उतरवायचा हा नियम आहे. मी रजिस्टरात वरच्या ओळीतला नंबर खाली उतरवत होतो.

दहा-बारा म्हशींना मी गाईचं बीज दिलं होतं आणि तितक्याच गाईंना रेड्याचं. ज्या गोष्टीवर बापूसाहेबांना मी भर ओट्यावर हसलो, ती मी दोन महिने करत होतो.

त्या दुपारची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते, ती म्हणजे माझ्या मनात पहिला विचार काय आला. समजा मी गीर गाईला चुकून जर्सीची कांडी दिली असती. दोन्ही गाईच, आटे जुळतात, वासरू झालं असतं. नऊ महिन्यांनी भलत्याच रंगाचं, भलत्याच कानांचं वासरू अख्ख्या गावासमोर उभं राहिलं असतं आणि सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं असतं. पण गाय आणि म्हैस! इथं काही जन्मणारच नव्हतं. निसर्गानं दोघींच्यात जी भिंत घातलीय, तिच्या आड माझी चूक आयती झाकली गेली होती. साक्ष द्यायला वासरूच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं.

भिंगरीसाठी अजून वेळ होता. सकाळी माज दिसलेली म्हैस संध्याकाळी भरवली तरी चालते, उलट तीच वेळ चांगली. खरी, मुऱ्हा जातीच्या रेड्याची कांडी आता मला माहीत असलेल्या डब्यात पडून होती. गाव आठ किलोमीटरवर. "डबल डोस देतो" म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. कदाचित बबननं विचारलं असतं. त्यानं दुसरी कांडी उचलून वाचली असती, तिच्यावर एच एफ नसतं, आणि तो म्हणाला असता, "डॉक्टर, कंपनी बदलली व्हय?"

मी गेलो नाही. संध्याकाळभर मी डबे नीट लावले, दारं लावून रजिस्टर समोर घेऊन बसलो. आदल्याच वर्षी शेजारच्या केंद्रावरच्या एकाची चौकशी लागली होती, वेगळ्या कारणानं. त्याची पेन्शन अडकली ती अडकलीच. माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस होता, भिंगरी नव्हती. रजिस्टरात मला काही बदलावंही लागलं नाही, ही त्यातली थट्टा. तिथं आधीपासून सगळं बरोबरच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. भिंगरीचा माज उतरला होता. बबन तिथंच उंबऱ्यावर. इंदूबाई म्हणाल्या, "काल वाट बघितली तुमची. का ओ डॉक्टर, ही का धरंना? माझं काय चुकतंय?"

बबन ऐकत होता. मला त्याचं लक्ष दुसरीकडं न्यायचं होतं, एवढंच. समोर ओढा दिसत होता, त्याच्यावर फेस. मी म्हणालो, "पाणी कुठलं पाजता?"

"नळाला येत न्हाई तवा वढ्याचं."

"मग तेच असेल. कंपन्यांचं पाणी मिसळतंय त्यात. जनावराच्या गर्भाच्या पिशवीवर परिणाम होतो."

ओढ्याचं पाणी वाईट होतंच, ते मी नाकारत नाही. पण भिंगरीची पिशवी मी स्वतःच्या हातानं तपासलेली होती. तिला काही झालेलं नव्हतं. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. "मीच पाजलं की," असं काहीतरी पुटपुटल्या.

माझा हिशोब असा होता: एकवीस दिवसांनी ती पुन्हा माजावर येईल, मी खरी कांडी भरीन, ती गाभण राहील, आणि सगळं मिटेल. बाकीच्या म्हशींचं मी तसंच केलं आणि त्यातल्या बऱ्याच राहिल्याही. पण मी जे बोललो ते सोपानच्या कानावर गेलं. "पान्यानं म्हशीची पिशवीच गेली, डॉक्टर स्वतः म्हनले," हे त्यानं गावभर केलं. पिशवीच गेली म्हटल्यावर वाट कशाची बघायची? संक्रांतीला अजून आठवडा होता. त्यानं तो आठवडाही थांबायचं नाही असं ठरवलं.

मला कळलं ते बाजाराच्या सकाळी, दूध केंद्रावर. मी जारमध्ये मुऱ्ह्याची कांडी घेतली, तीन वेळा वाचली आणि मोटारसायकल चाकणच्या जनावरांच्या बाजाराकडं मारली. दिवस मोजले तर विसावा होता. वाटेत ट्रेलरांची रांग लागलेली. मी मातीतून, कडेकडेनं घुसत गेलो.

भिंगरी ओळीच्या टोकाला बांधलेली. सोपान एका व्यापाऱ्याशी बोलत होता. इंदूबाई दावं धरून उभ्या. बाई माणूस त्या ओळीत एकटीच. मी जवळ जातोय तोच म्हशीनं मान वर करून हंबरडा फोडला, लांबलचक. तिच्याकडं नीट बघितलं आणि मला जे बघायचं ते दिसलं. माजावर होती. एक दिवस आधीच.

व्यापाऱ्यालाही दिसलं. तो त्यातलाच जुना माणूस. मला ओळखत होता. म्हणाला, "बरं झालं आलात, डॉक्टर. हे म्हनत्यात पिशवी गेलेली. पन ही तर वरडतीया. तुमी सांगा. राहनारी आसंल तर माझ्याकडं एक गोठेवाला हाय, त्याला लावतो. न्हाईतर त्या गाडीत."

त्यानं हात केला ती गाडी समोरच होती. तिच्यात भाकड जनावरं दाटीवाटीनं उभी.

सोपान म्हणाला, "त्येनीच तर सांगितलंय पिशवीचं. काय डॉक्टर?"

इंदूबाई माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही, आशेनं. जार माझ्या गाडीला बांधलेला, पाच पावलांवर. त्यात बरोबर कांडी. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ही राहील, हिला काही झालेलं नाही. मग सोपाननं विचारलं असतं, मग तीनदा का उलटली? आणि तिथं आजूबाजूला पाच-सहा गावची माणसं उभी होती, माझ्या भरवलेल्या म्हशींचे मालक.

"डॉक्टर?" व्यापारी म्हणाला.

मी म्हणालो, "खात्रीनं काही सांगता येत नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला.

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. इंदूबाईंनी गळ्यातलं दावं सोडलं. व्यापाऱ्यानं आपली दोरी घातली. भिंगरी गाडीच्या फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. दोघांनी मागून रेटली. गाडीचा मागचा फळका लागला. इंदूबाई रडल्या नाहीत. दावं गुंडाळून पिशवीत घातलं आणि सोपानच्या मागून एसटी स्टँडकडं चालत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "येवढ्या लांब आलात, डॉक्टर."

संक्रांतीनंतर गोठा पडला. आठ खोल्या झाल्या. इंदूबाई एका कंपनीच्या कँटीनला ठेकेदाराकडं कामाला लागल्या. सकाळच्या शिफ्टला कांदे, मग ताटं. माझी निवृत्ती व्यवस्थित झाली. निरोपाच्या समारंभात साहेब म्हणाले, यांच्या रजिस्टरात कधी खाडाखोड सापडली नाही. टाळ्या पडल्या. डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि मला रंग दिसायला लागले.

मी तीनदा गेलो होतो सांगायला. पहिल्यांदा कँटीनच्या गेटपर्यंत. इंदूबाई बायकांच्या घोळक्यात हसत बाहेर आल्या आणि मी टपरीआड झालो. दुसऱ्यांदा बबन वारला तेव्हा. त्या दिवशी काय बोलणार. बबनला ती एच एफची अक्षरं कधी आठवली का, हे आता मला कळायचं नाही.

तिसऱ्यांदा यंदा, गणपती उठल्यावर. ताथवड्याला मुलीकडं गेलो होतो, तिथून जावयाला म्हटलं, मला चाकणला सोड. इंदूबाई त्या आठ खोल्यांतल्याच एका खोलीत राहतात. गुडघे गेलेत, कँटीन सुटलंय. मला ओळखायला वेळ लागला, मग उठायला लागल्या, मी बसवलं. शेजारच्या भाडेकरणीला हाक मारून चहा सांगितला.

बोलायचं ते मी गाडीत पाठ केलेलं होतं. चहा यायच्या आत सुरू केलं. "इंदूबाई, मी भिंगरीचं बोलायला आलोय."

"नका काढू तिचं नाव, डॉक्टर."

"नाही, मला सांगायचंय. तेव्हा जे झालं—"

"मला ठावं हाय काय झालं," त्या म्हणाल्या. "मीच पाजलं तिला ते पानी. नळाला रांग लावायचा कटाळा केला मी. एवढी वरसं झाली, माझ्या मनातनं जात न्हाई. ती त्या गाडीत चढत नव्हती, तुमी बघितलं की."

मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले.

"आन् तुमचं बी नाव खराब झालं माझ्यापायी. तीन खेपा केल्या तुमी. बाजारापातुर आलात. लोक म्हनायचे, डॉक्टरचा हात गेला. मी सांगायची, हात न्हाई गेला, माझं पानी वंगाळ व्हतं. तवाच तुमची माफी मागायची व्हती, पन गाठच पडली न्हाई. डॉक्टर, मला माफ करा."

चहा आला. भाडेकरीण दारात उभी राहून बघत होती. इंदूबाईंचे हात अजून जोडलेलेच होते, आणि मी उत्तर देईपर्यंत त्या ते खाली घेणार नव्हत्या.

मी मान हलवली. त्यांनी माझी माफी मागितली आणि मी ती दिली. चहा घेतला. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. गुडघ्यांचं बोलल्या, सोपानच्या नातीच्या शाळेचं बोलल्या. मी उठलो.

पाठ केलेलं सगळं तसंच राहिलं. फार नव्हतं: इंदूबाई, ते पाणी नव्हतं. कांडी चुकीची होती, गाईची होती, आणि ती मी न वाचता भरली. भिंगरी चांगली होती. बाजारात मला हे माहीत होतं, आणि तुम्ही माझ्याकडं बघत असताना मी गप्प बसलो. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मला माफ करा.